हृदयस्नायूतली जनुकं आणि प्रथिनं मोजताना आधी छेद बघा

निरोगी माणसाच्या डाव्या निलयात मायोसिन या आकुंचनाच्या प्रथिनाच्या जड साखळ्यांचा एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून उतरणारी प्रत) मोजला, तर अल्फा आणि बीटा या दोन रूपांपैकी अल्फाचा वाटा साधारण एक-तृतीयांश निघतो. तशाच तुकड्यात प्रथिन मोजलं, तर अल्फा भरतं सुमारे ७ टक्के. बाकी सगळं बीटा. निकामी झालेल्या हृदयात अल्फाचा एमआरएनए २ टक्क्यांच्या आसपास येतो आणि प्रथिन हाताला लागेनासं होतं. एमआरएनएची मोजमापं १९९७ सालची आहेत, प्रथिनाची २००० सालची. दोन्ही बरोबर आहेत.

या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हे उदाहरण सर्वांत आधी देते, कारण 'जनुक वाढलं' किंवा 'जनुक उतरलं' हे वाक्य किती अपुरं आहे ते यात लगेच दिसतं. आपण मोजतो तो प्रत्येक आकडा म्हणजे एक अपूर्णांक असतो. अंश आपल्याला हवा असतो, त्यामुळे सगळं लक्ष तिकडे जातं. छेद मात्र आपण गुपचूप निवडलेला असतो: एकूण आरएनए, एखादं संदर्भ जनुक (ज्याची पातळी स्थिर धरली जाते असं), एकूण प्रथिन, ऊतीचे मिलिग्रॅम किंवा पेशींची संख्या. निरोगी आणि आजारी हृदयाची तुलना करताना हा छेदच बदललेला असतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याला सांभाळण्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: प्रश्न कागदावर, पूर्ण वाक्यात

'हार्ट फेल्युअरमध्ये सर्काचं काय होतं' हा प्रश्न झाला नाही. सर्का२ए हा हृदयपेशीतला कॅल्शियम आत ओढणारा पंप. त्याचं जनुक एटीपी२ए२. आता लिहा: एमआरएनए की प्रथिन? एटीपी२ए२च्या सगळ्या प्रती, की फक्त '२ए' रूपाच्या? डावं निलय की उजवं अलिंद? ऊतीच्या दर मिलिग्रॅममागे, की दर हृदयस्नायू पेशीमागे? प्रथिन किती आहे हे हवंय, की ते किती काम करतंय हे? शेवटचा प्रश्न खास महत्त्वाचा, कारण सर्काला लगाम घालणारं फॉस्फोलॅम्बान हे प्रथिन आहे तेवढंच राहूनही, त्यावर फॉस्फेट चढला की लगाम सैल होतो. प्रमाण तेच, काम वेगळं.

टायटिनच्या बाबतीत तर एकूण प्रमाणाचा प्रश्न दुय्यमच. माणसाच्या शरीरातलं हे सर्वांत मोठं प्रथिन, त्याच्या जनुकात (टीटीएन) ३६३ एक्झॉन, म्हणजे प्रतीत जोडले जाणारे तुकडे. ते वेगवेगळे जोडले जातात (स्प्लायसिंग), त्यामुळे हृदयात त्याची दोन मुख्य रूपं तयार होतात: आखूड आणि ताठ एन२बी, लांब आणि लवचीक एन२बीए. डायलेटेड कार्डिओमायोपॅथीत, म्हणजे हृदय फुगून कमकुवत होण्याच्या आजारात, या दोघांचं गुणोत्तर लवचीक रूपाकडे झुकतं. तुम्ही फक्त 'टीटीएन'ची एकूण पातळी मोजलीत तर हा बदल तुमच्या आकड्यात येणारच नाही.

दुसरी पायरी: आधी जे मोजलेलं आहे ते बघा

मानवी हृदयाचा तुकडा दुर्मिळ असतो. तो वापरण्याआधी एक संध्याकाळ संगणकासमोर घालवा. मानवी ऊतींतली जनुकांची पातळी मोजणाऱ्या जीटेक्स प्रकल्पाच्या पोर्टलवर हृदयाच्या दोन ऊती आहेत, डावं निलय आणि अलिंदाचं उपांग. तिथे सात-आठ जनुकं टाकून बघा: एमवायएच६ (अल्फा मायोसिन), एमवायएच७ (बीटा मायोसिन), एनपीपीए (अलिंदाचं संप्रेरक), टीएनएनटी२ (ट्रोपोनिन-टी), एटीपी२ए२, सीओएल१ए१, एचबीबी. एमवायएच७ निलयात आणि एमवायएच६ अलिंदात जोरात दिसेल. एनपीपीए अलिंदात प्रचंड दिसेल. उंदरावर काम करून आलेल्यांनी इथे थांबून श्वास घ्यावा, कारण प्रौढ उंदराच्या निलयात राज्य अल्फा मायोसिनचं असतं आणि माणसाच्या निलयात बीटाचं. उंदराचे निष्कर्ष माणसाला लावताना घोळ इथूनच सुरू होतो.

शेवटची दोन जनुकं यादीत मुद्दाम ठेवली आहेत. सीओएल१ए१ हे कोलॅजेनचं जनुक, म्हणजे फायब्रोब्लास्टची (कोलॅजेन बनवणाऱ्या पेशींची) खूण. एचबीबी हे हिमोग्लोबिनचं, म्हणजे रक्ताची खूण. ती दोन्ही 'हृदयात' दिसतात, कारण तुकडा म्हणजे निव्वळ हृदयस्नायू पेशी नव्हेत. आणि जीटेक्स ज्या एककात आकडे देतं त्या टीपीएमचा अर्थच 'दर दहा लाख प्रतींमागे इतक्या' असा आहे. छेद इथेही आहे. एखादं जनुक प्रचंड वाढलं, तर बाकी सगळी काहीही न करता थोडी थोडी घटलेली दिसतात.

प्रथिनांसाठी दोन ठिकाणं. २००३ साली स्वीडनमध्ये सुरू झालेला ह्यूमन प्रोटीन अ‍ॅटलास, जिथे आरएनएच्या आकड्यांशेजारी अँटिबॉडीने रंगवलेल्या ऊतीची छायाचित्रंही असतात. चित्रं जरूर मोठी करून बघा: रंग आडव्या पट्ट्यांच्या स्नायूपेशीत आहे की दोन पेशींमधल्या केशवाहिनीत, हे कोणताही आकडा सांगत नाही. दुसरं म्हणजे २०१७ साली प्रसिद्ध झालेला हृदयाचा प्रथिन-नकाशा. त्यात हृदयाच्या १६ भागांतून १०,७०० हून अधिक प्रथिनं मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंचं वस्तुमान मोजून) टिपली आहेत. पेशीनिहाय आरएनए हवा असेल तर २०२० चा मानवी हृदयाचा पेशी-नकाशा आहे. १४ दात्यांच्या हृदयांचे सहा भाग आणि जवळपास पाच लाख पेशी व केंद्रकं त्यात आहेत.

तिसरी पायरी: तुकडा कुठून आला?

मला सगळ्यांत जास्त वेळ द्यावासा वाटतो तो इथे. यंत्र चुकलं तर पुन्हा लावता येतं. तुकड्याचा इतिहास पुन्हा लिहिता येत नाही.

मानवी हृदयस्नायू मिळण्याचे मार्ग मोजकेच आहेत. प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेलं रुग्णाचं हृदय. कृत्रिम पंप बसवताना डाव्या निलयाच्या टोकातून कापलेली गोल चकती. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीत दोन निलयांमधला जाड झालेला पडदा तासून काढतात तो भाग. बायपासच्या वेळी मिळणारं उजव्या अलिंदाच्या उपांगाचं टोक. आणि बायोप्सी, म्हणजे बहुधा उजव्या निलयाच्या बाजूने पडद्यातून घेतलेले काही मिलिग्रॅम. अलिंदाच्या टोकावर मोजून निलयाबद्दल बोलायचं नाही. वाचताना हे उघड वाटतं, पण सोयीने मिळणारा नमुना अलिंदाचाच असल्यामुळे मोह होतो.

खरी अडचण 'निरोगी' गटाची. पूर्ण निरोगी माणसाच्या निलयाचा तुकडा कोणी देत नाही. म्हणून प्रत्यारोपणासाठी आलेली, पण कोणत्यातरी कारणाने न वापरलेली दात्यांची हृदयं घेतात. हे दाते बहुतेक मेंदूमृत असतात. मेंदू मृत होताना शरीरात कॅटेकोलामाइनचा (अ‍ॅड्रेनालिनसारख्या संप्रेरकांचा) लोंढा येतो, शिवाय रक्तदाब टिकवण्यासाठी औषधं चालू असतात. ताण आणि दाह यांची जनुकं त्या हृदयातही जागी झालेली असतात. त्यामुळे अहवालात 'निरोगी' हा शब्द मी वापरत नाही, 'निकामी नसलेलं' असा लिहिते.

रुग्णाकडे औषधं असतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बीटा-ब्लॉकर (हृदयावरचा ताण कमी करणारं औषध) घेणाऱ्या डायलेटेड कार्डिओमायोपॅथीच्या रुग्णांच्या बायोप्सी आधी आणि नंतर तपासल्या होत्या. ज्यांच्या हृदयाचं आकुंचन सुधारलं, त्यांच्यात सर्का आणि अल्फा मायोसिनचा एमआरएनए वाढला आणि बीटाचा घटला. म्हणजे औषधांची यादी हातात नसेल, तर तुम्ही आजार मोजताय की उपचार, हे सांगता येणार नाही.

म्हणून प्रत्येक तुकड्यासोबत किमान एवढं लिहून घ्या: वय, लिंग, निदान, औषधं, कृत्रिम पंप होता का, हृदयाचा नेमका भाग, भिंतीचा थर, आणि रक्तपुरवठा थांबल्यापासून गोठवेपर्यंत गेलेली मिनिटं. रुग्णाची किंवा कुटुंबाची लेखी संमती आणि नैतिकता समितीची परवानगी हे सगळं सुरू होण्याआधी. संमतिपत्रात जनुकीय माहिती इतर संशोधकांना देण्याचा उल्लेख आहे का तेही वाचा; नंतर त्यासाठी मागे जाता येत नाही.

चौथी पायरी: गोठवणं आणि कुटणं

तुकडा थंड द्रावणात पटकन धुवा, म्हणजे रक्त निघेल. बाहेरची पिवळी चरबी कात्रीने सोडवा. ठळक पांढरा व्रण असेल तर तो वेगळा ठेवा आणि तसं लिहा. मग छोटे तुकडे करून द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. तिथून उणे ८० च्या फ्रीझरमध्ये. आरएनए जपणाऱ्या द्रावणात ठेवणार असाल तर तुकडा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर द्रावण गाभ्यापर्यंत पोचत नाही. फॉस्फेट चढलेली प्रथिनं मोजायची असतील तर घाई आणखी हवी. फॉस्फेट उतरवणारी विकरं ऊती उबदार असेपर्यंत थांबत नाहीत.

आता कुटणं. खलबत्ता आधी द्रव नायट्रोजन ओतून गार करायचा, नायट्रोजन उकळून शांत होईपर्यंत. तुकडा टाकला की तो काचेसारखा टणकतो. पहिले दोन-तीन घाव उभे, हलके, नाहीतर तुकडा उडून बाहेर जातो. मग गोल फिरवत दळायचं, मधूनमधून नायट्रोजन ओतत. चांगली निलयभिंत फिकट गुलाबी पिठासारखी बारीक होते. निकामी हृदयाचा तुकडा असेल तर त्या पिठात पांढरट दोरे राहतात, दळूनही न मोडणारे. तेच कोलॅजेन. ते चिमट्याने उचलून टाकू नका. टाकलंत की तुम्ही नमुना बदललात, आणि प्रत्येक नमुन्यात वेगळ्या हाताने बदललात.

कुटून झाल्यावर पीठ एकजीव करा आणि आधीच गार केलेल्या नळ्यांमध्ये वाटा: एक आरएनएसाठी, एक प्रथिनासाठी, एक राखीव. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एका तुकड्याचं डावं टोक आरएनएला आणि उजवं टोक प्रथिनाला दिलं, तर व्रण एका टोकात जास्त असू शकतो, आणि पुढे एमआरएनए व प्रथिन जुळत नाहीत म्हणून जीवशास्त्रात कारणं शोधत बसाल. एकाच पिठातून दोन्ही काढा. मात्र कुटण्याआधी शेजारचा एक छोटा काप सूक्ष्मदर्शकासाठी बाजूला ठेवायला विसरू नका.

पाचवी पायरी: पिठात कोण कोण आहे?

हृदयस्नायू पेशी आकाराने अवाढव्य असतात, म्हणून ऊतीचं बहुतांश आकारमान त्यांचं. डोकी मोजली तर चित्र पालटतं: वर सांगितलेल्या २०२० च्या नकाशात निलयातही त्या निम्म्याच्या आसपासच भरतात, अलिंदात तर तीस टक्क्यांच्या. उरलेल्या फायब्रोब्लास्ट, रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी, पेरिसाइट, प्रतिकार पेशी.

एक हिशेब मांडून बघा. समजा एका हृदयात एकूण आरएनएपैकी ८० टक्के स्नायूपेशींचा आहे आणि व्रण वाढलेल्या दुसऱ्या हृदयात ६० टक्के. स्नायूपेशीत एटीपी२ए२ अगदी तसंच चालू आहे, कणभर बदल नाही. तरीही तुकड्यात ते २५ टक्क्यांनी घटलेलं दिसेल. अंशाला काहीही झालेलं नाही. छेदात दुसरी मंडळी आली.

यावर उपाय तीन, आणि तिन्ही थोडे थोडे करा. शेजारच्या कापावर कोलॅजेनचा रंग चढवून व्रणाचं क्षेत्र मोजा. आरएनएच्या आकड्यांतच पेशींच्या खुणा बघा: फायब्रोब्लास्टसाठी सीओएल१ए१, वाहिन्यांच्या अस्तरासाठी पीईसीएएम१, प्रतिकार पेशींसाठी पीटीपीआरसी, रक्तासाठी एचबीबी. आणि तुमचं जनुक फक्त स्नायूपेशीत असेल, तर ते स्नायूपेशीतल्याच दुसऱ्या, तुलनेने स्थिर जनुकाशी ताडून बघा.

पेशी सुट्ट्या करून प्रत्येकीचा आरएनए वाचणं हा सरळ मार्ग वाटतो. पण प्रौढ हृदयस्नायू पेशी शंभर मायक्रॉनहून लांब असते; एकेक पेशी थेंबात पकडणाऱ्या नेहमीच्या यंत्रात ती मावत नाही, आणि गोठवलेल्या ऊतीतून ती अखंड निघतही नाही. म्हणून केंद्रकं काढतात. केंद्रकातल्या प्रती अर्धवट कापलेल्या असतात, त्यामुळे गणनेत इंट्रॉन (कापून टाकले जाणारे भाग) धरावे लागतात. आणखी एक सवय सोडावी लागते. इतर ऊतींत मायटोकाँड्रियाच्या प्रती ५ टक्क्यांहून जास्त दिसल्या की पेशी मेलेली समजून फेकतात. हृदयपेशी मायटोकाँड्रियाने ठासून भरलेली असते. अखंड पेशीवर हा नियम लावाल तर निरोगी स्नायूपेशीच फेकाल. केंद्रकांच्या नमुन्यात मात्र त्याच प्रती बाहेरून चिकटलेल्या असतात, तिथे कडक राहा.

सहावी पायरी: आरएनए

इथे बऱ्याच गोष्टी कुठल्याही ऊतीसारख्याच आहेत, म्हणून भरभर. हृदयाची ऊती तंतुमय आहे, स्तंभाचा संच वापरणार असाल तर प्रथिनं पचवणाऱ्या प्रोटीनेज के ची पायरी असलेला घ्या. उरलेला डीएनए तोडणारं डीएनेज टाळू नका. शुद्धतेसाठी २६० आणि २८० नॅनोमीटरचं गुणोत्तर २ च्या जवळ हवं. अखंडतेचा आकडा म्हणजे आरआयएन, १ ते १० च्या मोजपट्टीवर. ७ च्या वर असला तर सहसा काम चालतं. पण एका गटाचा आरआयएन ९ आणि दुसऱ्याचा ७ असेल तर दोन्ही 'पास' असूनही तुलना लंगडी आहे. काही प्रती लवकर तुटतात, काही उशिरा, आणि तो फरक आजाराचा म्हणून छापला जातो.

क्यूपीसीआरमध्ये प्रती दर फेरीला दुप्पट करत नेतात, आणि ठरलेली पातळी गाठायला लागलेल्या फेऱ्या म्हणजे सीटी; तो एकने वाढला म्हणजे सुरुवातीच्या प्रती निम्म्या. रुग्णात लक्ष्य जनुकाचा सीटी २४, संदर्भाचा १९, फरक ५. तुलनेच्या गटात २२ आणि १९, फरक ३. पाचातून तीन गेले, उरले दोन: लक्ष्य एक-चतुर्थांश झालं. आता समजा संदर्भ जनुकच आजारात दुप्पट झालं आणि रुग्णात त्याचा सीटी १८ आला. फरक ६, आणि उत्तर एक-अष्टमांश. लक्ष्य जनुकाचा सीटी मात्र तोच, २४. म्हणून जीएपीडीएचवर डोळे झाकून भरवसा नको: ते ग्लुकोज वापरण्याच्या मार्गातलं विकर आहे, आणि निकामी हृदयात इंधनाचीच उलथापालथ झालेली असते. चार-पाच संदर्भ जनुकं तुमच्याच नमुन्यांवर चाचपा, त्यातली स्थिर निघतील ती तीन तरी घ्या आणि त्यांची भूमितीय सरासरी वापरा.

मायोसिनसाठी खास सूचना. अल्फा आणि बीटा साखळ्यांची अमिनो आम्लं सुमारे ९३ टक्के सारखी आहेत आणि दोन्ही जनुकं १४ व्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी बसलेली आहेत. प्रायमर (क्यूपीसीआरमध्ये जनुक ओळखणारे छोटे डीएनए तुकडे) शेवटच्या, अनुवाद न होणाऱ्या, म्हणजे प्रथिनात न उतरणाऱ्या टोकाकडे निवडा, तिथे दोघं वेगळी ओळखू येतात.

सगळ्या प्रतींचं वाचन करणार असाल तर गटांमधला फरक काढण्यासाठी कच्ची गणना वापरा. टीपीएम चित्रं काढायला ठीक. पॉली-ए शेपटी असलेल्या प्रती निवडून केलेलं वाचन आणि रायबोसोमल आरएनए काढून टाकून केलेलं वाचन एकत्र मिसळू नका. आणि पहिल्याच दिवशी झिस्ट आणि आरपीएस४वाय१ ही दोन जनुकं बघा. झिस्ट स्त्रियांच्या ऊतीत दिसतं, आरपीएस४वाय१ पुरुषांच्या. नोंदवहीतल्या लिंगाशी जुळलं नाही, तर नळ्यांची अदलाबदल झाली आहे. पाच मिनिटांची ही तपासणी कित्येक महिने वाचवते.

सातवी पायरी: प्रथिन

सौम्य डिटर्जंटच्या द्रावणात हृदयाचं पीठ घुसळून फिरवलं की तळाशी जाड गोळा बसतो. बरेच जण वरचं पाणी घेऊन गोळा फेकतात. त्या गोळ्यात मायोसिन, अ‍ॅक्टिन, टायटिन, म्हणजे हृदयाचं आकुंचन करणारं सगळं यंत्र असतं. वरच्या पाण्यातलं 'एकूण प्रथिन' हा मग वेगळाच छेद झाला. एकतर एसडीएस हा तीव्र डिटर्जंट असलेल्या कडक द्रावणात सगळंच विरघळवा, किंवा दोन्ही भाग ठेवा आणि कोणता मोजला ते लिहा.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं जेलवर वेगळी करून, कृत्रिम पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने ओळखण्याच्या पद्धतीत) फॉस्फोलॅम्बान हा फार चांगला शिक्षक आहे. हे छोटं प्रथिन पाचाच्या घोळक्यात राहतं. नमुना न उकळता जेलवर चढवला तर पट्टा २५ किलोडाल्टनच्या आसपास दिसतो. उकळला तर घोळका फुटतो आणि पट्टा ६ च्या आसपास येतो. अर्धवट तापवला तर दोन्ही. माझ्या सुरुवातीच्या काळात मी रुग्णांचे नमुने एका दिवशी तयार केले आणि तुलनेचे दुसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी नळ्या गरम ठोकळ्यात कमी वेळ राहिल्या. वरचा पट्टा एका गटात ठळक, दुसऱ्यात फिका. तीन आठवडे मी तो आजाराचा परिणाम समजून चालले होते. आता मी दोन्ही गट एकाच दिवशी, एकाच ठोकळ्यात, आलटून-पालटून ठेवते, आणि दोन्ही पट्टे मिळून बेरीज करते. सर्काच्या बाबतीत उलट काळजी: ११० किलोडाल्टनचं हे पटलातलं प्रथिन उकळल्यावर गोळा होऊन जेलच्या तोंडाशीच अडकू शकतं, म्हणून त्याला उकळायचं नाही. आणि ६ किलोडाल्टनचं फॉस्फोलॅम्बान ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून आरपार निघून जातं, ०.२ चा पडदा घ्या.

टायटिन नेहमीच्या जेलमध्ये शिरतच नाही. त्याचं वजन तीस लाख डाल्टन आणि वर. त्यासाठी अ‍ॅगरोजचं उभं जेल लागतं.

मोजणीआधी एका नमुन्याचे चार-पाच विरल टप्पे चढवून बघा, प्रथिन निम्मं केल्यावर पट्टाही निम्मा होतो का. हृदयात आकुंचनाची प्रथिनं इतकी भरपूर असतात की त्यांचा पट्टा लगेच संपृक्त होतो आणि दुप्पट फरकही सपाट दिसतो. छेद म्हणून एकट्या अ‍ॅक्टिनऐवजी पडद्यावरचा एकूण प्रथिनाचा रंग घ्या. अँटिबॉडी नवी असेल तर जिथे ते प्रथिन नाही अशा ऊतीवरही ती चालवा. ट्रोपोनिन-आयसारख्या प्रथिनाचे सांगाड्याच्या स्नायूतले भाऊबंद असतात आणि काही अँटिबॉडी त्यांनाही चिकटतात.

मास स्पेक्ट्रोमेट्रीची अडचण याच भरपूर असण्याची आहे. काही मोजकी प्रथिनं इतका आवाज करतात की दुर्मिळ प्रथिनं ऐकूच येत नाहीत. यादीत एखादं रिसेप्टर किंवा आयन मार्ग नसला तर 'हृदयात नाही' असं लिहू नका, 'टिपलं गेलं नाही' असं लिहा. अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन वर आलेले नमुने वेगळे काढून बघा, धुणं कमी पडलं असेल.

आठवी पायरी: दोन्ही आकडे शेजारी ठेवणं

आता सुरुवातीच्या कोड्याकडे. एमआरएनए आणि प्रथिन जुळत नाहीत तेव्हा मी कारणं या क्रमाने तपासते.

आयुष्य. उंदराच्या फायब्रोब्लास्टवर २०११ साली झालेल्या मोजणीत एमआरएनएचं अर्धायुष्य मध्यम मानाने ९ तास निघालं, प्रथिनांचं ४६ तास. हृदयातली आकुंचनाची प्रथिनं तर कित्येक दिवस टिकतात. तुकडा कापला त्या क्षणाचा एमआरएनए आजची गोष्ट सांगतो, प्रथिन गेल्या आठवड्याची.

निर्यात. एनपीपीबी या बीएनपी संप्रेरकाच्या जनुकाचा एमआरएनए निकामी निलयात झपाट्याने चढतो, पण त्याचं १०८ अमिनो आम्लांचं पूर्वप्रथिन कापलं जाऊन ३२ चं बीएनपी आणि ७६ चं एनटी-प्रोबीएनपी रक्तात जातं. ते ऊतीत शोधण्यापेक्षा रक्तात शोधलेलं बरं, आणि दवाखान्यात नेमकं तेच करतात.

जोडीदार. सार्कोमियरमध्ये, म्हणजे स्नायूच्या आकुंचनाच्या एककात, प्रथिनं ठरलेल्या प्रमाणात बसतात. जागा न मिळालेलं जास्तीचं प्रथिन मोडलं जातं. मायोसिनला बांधणाऱ्या प्रथिनाच्या एमवायबीपीसी३ या जनुकात छाटणारा दोष असला, तर छाटलेलं प्रथिन रुग्णाच्या हृदयात सहसा सापडत नाही आणि पूर्ण लांबीचं कमी पडतं.

अनुवादाचा वेग. २०१९ मध्ये ८० मानवी हृदयांवर, ६५ डायलेटेड कार्डिओमायोपॅथीची आणि १५ तुलनेची, प्रथिनं बनवणारे रायबोसोम नेमके कोणत्या प्रतींवर बसलेत हे वाचलं गेलं. एमआरएनए तेवढाच असूनही अनुवाद बदललेली जनुकं त्यात दिसली, आणि 'प्रथिन बनवत नाहीत' असं समजल्या जाणाऱ्या काही आरएनएंवरून छोटी प्रथिनं बनतात हेही दिसलं.

आणि सहसंबंध काढणार असाल तर कोणता, हे ठरवा. एका हृदयातली हजारो जनुकं घेऊन एमआरएनए विरुद्ध प्रथिन मांडलं तर बऱ्यापैकी रेषा दिसते, कारण मायोसिन दोन्हीकडे भरपूर आणि दुर्मिळ रिसेप्टर दोन्हीकडे कमी. तुमचा प्रश्न बहुधा वेगळा असतो: एकच जनुक, पन्नास हृदयं, ज्यात एमआरएनए जास्त त्यात प्रथिनही जास्त का? पहिल्या रेषेवरून दुसऱ्याचं उत्तर मिळत नाही. सर्काच्या बाबतीत १९९० च्या दशकात हाच वाद रंगला. निकामी हृदयात एमआरएनए घटतो यावर बहुतेकांचं एकमत होतं, प्रथिन घटतं का यावर प्रयोगशाळा दोन बाजूंना होत्या. वाचायला बसाल तेव्हा प्रत्येक निबंधात छेद काय होता ते पेन्सिलीने समासात लिहा.

नोंदवहीत निकाल लिहिताना मी विद्यार्थ्यांकडून साधारण असं वाक्य लिहून घेते: 'डाव्या निलयाच्या टोकाच्या पूर्ण ऊतीत, तीन संदर्भ जनुकांच्या तुलनेत, एटीपी२ए२चा एमआरएनए कमी, त्याच पिठातून, कडक द्रावणात विरघळवलेल्या एकूण प्रथिनाच्या तुलनेत, सर्का२ए प्रथिनात फरक नाही, व्रणाचं क्षेत्र रुग्णगटात जास्त.' आणि त्याखाली राखीव पिठाच्या नळीचा क्रमांक, फ्रीझरचा कप्पा, आणि ती नळी आजवर किती वेळा बाहेर काढली तो आकडा.